ओवाळलेली नोट

लगीनसराई तोंडावर आली की आमच्या दारात चिंचेचा आंबट वास सुटायचा. माय आदल्या दिवशी मोठ्या भगुण्यात चिंच भिजत घालायची आणि सकाळी दादा घरातलं सगळं पितळ अंगणात काढायचे. दोन ट्रम्पेट, पोटाशी धरून वाजवायचा मोठा बाजा, झांजा. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन आम्ही सगळे घासायला बसायचो. घासून, धुऊन ती वाद्यं उन्हात खाटेवर मांडली की त्यांच्याकडं बघवत नसे, एवढी झळाळी यायची. शेजारची एक कोंबडी बाजाच्या रुंद तोंडात डोकवायची, आत दुसरी कोंबडी बघायची आणि तिच्याशी भांडायला लागायची. तिला हाकलायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं. पलीकडं दोरीवर लाल कोट वाळत असायचे, खांद्याला पिवळी झालर लावलेले. माय ते रिठ्यानं धुवायची, कारण सोड्यानं रंग उतरतो. त्या दोरीकडं नुसतं बघून गल्लीतलं कुणीही सांगायचं, लखुमास्तरचा बँड औंदा किती जणांचा आहे.

लखुमास्तर म्हणजे माझे वडील. त्यांचा धाकटा भाऊ किसन त्यांना दादा म्हणायचा, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. आमचं घर गंगाखेडात, गावाच्या कडेला, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर. आजोबा गावकीत हलगी वाजवायचे. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं आलं की हलगी शेकायची आणि निघायचं. त्याचं मोल म्हणजे वरून पदरात पडेल ते. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा दादांना मिसरूड फुटत होतं. त्यांनी ती हलगी आढ्याला टांगली, ती टांगलीच. पण हातातला ताल कुठं जाणार? हैद्राबादेत एका बँडमध्ये दोन-तीन हंगाम त्यांनी ढोल वाजवला आणि परत येऊन स्वतःचा बँड काढला. हलगी आणि बँड यात फरक काय, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. दादा म्हणाले, "हलगीला हुकूम येतो. बँडला इसार येतो." इसार म्हणजे ठरल्यावर आगाऊ हातात दिलेली रक्कम. इसार घेतला की शब्द दिला. मग पाऊस येवो, घोडा बिथरो, मांडव पडो, वाजवणं थांबवायचं नाही. दादांच्या दृष्टीनं आमची सगळी इज्जत त्या एका शब्दात होती.

पण एक शेपूट मागं राहिलं होतं, ओवाळणीचं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडतो आणि मांडवाकडं निघतो, त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्यात पाहुणे नाचतात. रंगात आलं की कुणीतरी खिशातून नोट काढतो, नवरदेवाच्या तोंडावरून तीनदा फिरवतो आणि बँडपुढं मातीत टाकतो. नवरदेवाला लागलेली दृष्ट, त्याची सगळी इडापिडा त्या नोटेत उतरते अशी समजूत. म्हणून ती परत खिशात घालायची नाही, घरच्या कुणी तिला शिवायचंही नाही. ती बँडवाल्याची. लोक तिला खुशी म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

ही खुशी उचलण्यात आमच्या किसनकाकांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता. हात कसला, सगळा खेळ कमरेचा आणि ओठांचा. काका ट्रम्पेट वाजवायचे. वाजवता वाजवता पाय फाकवून झुलत झुलत ते खाली जायचे आणि गाण्यातली श्वासाची जागा साधून ओठांनी नोट टिपायचे. पुढचा सूर निघायचा तेव्हा नोट दातांच्या कोपऱ्यात असायची. गाणं तुटायचं नाही. शिट्ट्या पडायच्या. मग लोकांना चेव यायचा. कुणी नोटेवर दगड ठेवायचं, कुणी मुद्दाम शेणाच्या पोजवळ टाकायचं. काका तीही उचलायचे. "मास्तर कोन हाय म्हाईत न्हाई, पन किसन्या लय भारी," असं लोक म्हणायचे आणि काकांची मान कोटाच्या कॉलरीबाहेर यायची. टाळ्या कुणाला नको असतात?

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरातला, आणि सांगायला काय हरकत आहे, आमच्या गल्लीतला कॉलेजचं तोंड बघितलेला पहिला. हंगामात लाल कोट घालून क्लॅरनेट वाजवायचो, एरवी पांढरा शर्ट घालून बाकावर बसायचो. दोन्हीची मला लाज नव्हती, आजही नाही. कॉलेजजवळच्या हॉटेलात मित्रांबरोबर चहा-भजी झाली की वेटर बडीशेपेची बशी आणायचा आणि आमच्यातला एक, उसाच्या बागायतदाराचा मुलगा, परत आलेली चिल्लर त्या बडीशेपेत सोडायचा. "टिप ठेवली," म्हणायचा. तो शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. त्याच्या बापाच्या काळी हॉटेलात असं काही कुणी ठेवत नसे. वेटरला "ए" म्हणून हाक मारली की व्यवहार संपला. आता ठेवायला लागले होते, कुणी दिलदारीनं, कुणी परभणीत बघून आल्यामुळं. माझं लक्ष मात्र वेटरकडं असायचं. आम्ही बसलेले असेपर्यंत तो त्या चिल्लरीला हात लावायचा नाही. आम्ही रस्त्याला लागलो की मगच. घेणाऱ्यालाही आडोसा लागतो, एवढं मला तेव्हा कळलं. देणाऱ्याला लागत नाही.

एका दुपारी आम्ही ओसरीत जेवत होतो. मायनं येसर केलं होतं, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याची झणझणीत पातळ आमटी. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून दादा, किसनकाका आणि मी हाणत होतो. समोर अंगणात पोरांचा खेळ चालला होता. खेळ नेहमीचाच, लग्नाचा. शेळीचं करडू नवरदेव. शांता खांद्यावर टॉवेल टाकून पाहुणी, म्हणजे पाहुणा. आणि काकांचा पाच-सहा वर्षांचा मिलिंद रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावून बँडवाला. बँडवाला व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून सगळ्यात लहान असलेल्या मिलिंदवर ते यायचं.

"मला न्हाई व्हायचं बँडवाला," मिलिंद कुरकुरला.

"ल्हान हायस ना? मंग व्हय गपगुमान," शांता म्हणाली. तिनं गोळीचा एक चकचकीत कागद करडाच्या तोंडावरून फिरवला आणि मातीत टाकला. "उचल! हातानं न्हाई रं, तोंडानं! वाक! आनखी वाक!"

मिलिंद नरसाळ्यातून "पॅं पॅं" करत गुडघ्यावर आला, मग हातावर आला, आणि शेवटी जिभेनंच कागद उचलला. नाकाला, हनुवटीला माती. आम्ही सगळे हसलो. काका तर ठसका लागेपर्यंत हसले. "शाब्बास रं पठ्ठ्या! बापाचं नाव काढलंस!" दादाही हसत होते. मग त्यांचं हसू मधेच बंद पडलं, वीज गेल्यावर पंखा हळूहळू थांबतो तसं. ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून ते उठले, रांजणातलं पाणी घेतलं आणि मिलिंदचं तोंड धुतलं. मायनं आतून विचारलं, "काय झालं? येसर खारट झालं का?"

"न्हाई," दादा म्हणाले. "जेवन झालं माझं."

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या लिंबाखाली तालमीला सगळे जमले तेव्हा दादांनी ढोलाला हात लावायच्या आधीच सांगितलं, "आजपून खालची नोट कुनी उचलायची न्हाई."

"म्हंजी खुशी बंद?" काकांनी विचारलं.

"खुशी कशाला बंद? हातात दिली तर घ्यायची. कुनी राजीखुशीनं देतंय, ते घेन्यात कमीपना न्हाई. पन ओवाळून टाकलेली खुशी नसती किसन, ती पिडा असती. त्यायच्या लेकराची पिडा आपून दातात धरायलोत."

"दादा, कला हाय ती माझी. लोक मला वळखतेत त्याच्यावर."

"वळखायला तुझं वाजवनं पुरं पडत न्हाई का?"

काकांनी ट्रम्पेट उलटा करून आतलं पाणी झटकलं. मग म्हणाले, "तुला काय, तू ढोल वाजवतूस. तुला कुठं वाकायला लागतं?" दादांनी ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला. तालीम झाली, पण त्या दिवशी काकांचा ट्रम्पेट जरा जास्तच मोठ्यानं वाजत होता.

मायनं जुन्या कोटाच्या लाल कापडाची एक पिशवी शिवली, तोंडाला पिवळी झालर लावली, आणि दादांनी ती ढोलाच्या पट्ट्याला समोर टांगली. ज्याला खुशी द्यायची त्यानं हातात द्यावी, नाहीतर पिशवीत टाकावी, असा हिशेब. पहिल्याच लग्नात, ताडकळसकडच्या एका गावात, घोटाळा झाला. लाल कापड, पिवळी झालर. बायकांना वाटलं, बँडवाल्यानं देवी बसवलीय. एकीनं हळद-कुंकू वाहिलं, तिचं बघून दुसरीनं तांदूळ टाकले, तिसरीनं लेकराला ढोलापुढं वाकवून "पाया पड" म्हणून सांगितलं. दादा वाजवता वाजवता मान हलवून नाही नाही म्हणत होते आणि बायकांना वाटत होतं मास्तर तालात डोलतोय. घरी आल्यावर पिशवी उलटी केली तर तांदूळ, दोन सुपाऱ्या आणि एक हळकुंड. "पन्नास वर्सांत आपल्यातल्या कुनाची देवळात एवढी बरदास्त झाली नव्हती," माय म्हणाली आणि त्या तांदळाचा तिनं भात केला. काका सोडून सगळे हसलो.

काकांचं न हसणं बरोबर होतं. विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. गावागावात हवा तापलेली. आमच्यातलं कुणी नुसतं ताठ चाललं तरी कुणाला तरी ते उत्तर दिल्यासारखं वाटायचं. त्यात आता "लखुमास्तरची मानसं नोटा बी उचलनात" ही बातमी पसरली. "लय ताठलेत," असं कुणी म्हणायचं. एका गावानं ठरलेली सुपारी मोडली आणि इसार परत मागितला. दादांनी तो तिथल्या तिथं परत केला. आणि तेवढ्यात परभणीच्या एका मोठ्या बँडनं काकांना बोलावणं धाडलं, नोटा उचलणारा ट्रम्पेटवाला आम्हाला पाहिजे म्हणून. काकांनी दादांना तोंडावर सांगितलं, "सोनपेठचं लगीन होऊ दे. मोठं घर हाय ते, तितं चार गावचे पाव्हने येतेत. तितं निभलं तर ठीक. तितं बी असंच झालं तर मी परभनीला जातो दादा. मला बी लेकरं हायत." दादा म्हणाले, "जा. पन ते लगीन चांगलं वाजवून जा." दोन भावांचं बोलणं एवढंच. काका गेले तर बँडचा गळाच गेला, हे लहान पोरालाही कळत होतं.

सोनपेठला आम्ही दुपारीच पोचलो. नवरदेवाकडची मंडळी उतरली होती तिथं अंगणात एका बाजूला एक म्हातारी होत आलेली बाई खांबाला टेकून सुपारी कातरत बसली होती. कपाळ मोकळं. नवरदेवाची आत्या, तिला सगळे गोदाआत्या म्हणत. मी क्लॅरनेटची पत्ती तोंडात धरून ओली करत होतो, तर तिनं हाक मारली, "काय चघळायलास रं? पान हाय का?" मी सांगितलं, ही वेताची पत्ती, ओली केल्याशिवाय वाजत नाही. "आन् शिकतूस का नुसतंच वाजवतूस?" "बी.ए.ला आहे," मी सांगितलं. "अगं बया! आमच्या नवरदेवाच्या फुडं हायस की," असं म्हणून तिनं मला सुपारीचं खांड दिलं. तिच्याच बोलण्यातून कळलं की नवरदेवाची आई तो रांगत असतानाच गेली आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या या आत्यानंच त्याला वाढवलं. तेवढ्यात नवरदेवाचे मामा तिथून गेले. आबासाहेब म्हणायचे त्यांना. फेटा, झुबकेदार मिशा, उसाचा मळा. जाता जाता म्हणाले, "आत्याबाई, परण्यात तुमी मागल्या गाडीत बसा बरं का. फुडं येऊ नका. शुभकार्य हाय." आत्या म्हणाली, "म्हाईत हाय मला," आणि अडकित्ता जरा जोरात मिटला.

उन्हं कलली तसा परण्या निघाला. गोरज मुहूर्त होता. मारुतीपासून मांडवापर्यंतची वाट बाजाराच्या रस्त्यानं, दोन्ही बाजूंनी माणसं. आम्ही वाजवत होतो आणि चांगलं वाजवत होतो. निम्म्या वाटेवर आबासाहेब नाचायला पुढं आले. नाचून झालं, त्यांनी एक कोरी नोट काढली, भाच्याच्या मुंडावळ्यांवरून तीनदा फिरवली आणि बरोब्बर किसनकाकांच्या पायापुढं टाकली. लोकांनी आपोआप गोल केला. त्यांना माहीत होतं आता काय बघायला मिळणार.

"चल किसन्या, व्हय खाली!"

काका वाजवत राहिले. दादा ढोल न थांबवता म्हणाले, "मालक, खुशी असंल तर हातात द्या, न्हाईतर ह्या पिशवीत टाका."

"पिशवीत? मी काय देवळात आलोय का?" आबासाहेबांनी लोकांकडं बघून विचारलं. हशा झाला. "काय रं किसन्या, कंबर मोडली का तुझी? ही नोट उचलल्याबिगर परण्या फुडं सरकायचा न्हाई. बघू कोन थकतंय!"

आणि खरंच, परण्या थांबला. घोडेवाल्यानं लगाम आखडून धरला. "ओवाळलेल्या पैशावरून घोडा नेत न्हाई साहेब, बिथरतो," तो म्हणाला. नवरदेवाकडच्या एका पोरानं वाकून नोट उचलायला हात घातला तर त्याची आई मागून ओरडली, "शिवू नको मेल्या, ओवाळलेली हाय!" त्यानं हात असा मागं घेतला, जणू निखाऱ्यावर पडला होता. आबासाहेबांना स्वतःलाही ती आता उचलता येत नव्हती. त्यांचंच त्यांना अडलं होतं. आम्हाला थांबता येत नव्हतं, कारण इसार घेतलेला. मग आम्ही उभ्या जागी वाजवत राहिलो. गाणं संपलं की तेच पुन्हा पहिल्यापासून. माझे ओठ बधिर झाले. धुळीत ती कोरी नोट वाऱ्यानं नुसती कडेकडेनं हलत होती.

मी काकांच्या शेजारीच होतो. त्यांचे गुडघे सैल पडलेले मला दिसले. सवयच ती; नोट दिसली की गुडघे आपोआप सुटायचे. लोक ओरडत होते, "व्हय खाली! व्हय!" काकांनी दादांकडं बघितलं. दादांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, ढोलाच्या चामड्याकडं बघत वाजवत राहिले. त्या वेळी मला दादांचा राग आला, एकदा डोळ्यानं तरी अडवा की त्यांना. आज वाटतं, डोळ्यानं अडवलं असतं तर तोही हुकूमच झाला असता. काका एकदा थोडे खाली गेले, अगदी एवढेसे. मग त्यांनी गुडघे ताठ केले, ट्रम्पेट आभाळाकडं उचलला आणि असा एक लांब सूर धरला की कडेच्या पानपट्टीवरचा म्हातारा नकळत "वाहवा!" म्हणाला. नोट न उचलता काकांना मिळालेली ती पहिली दाद.

मांडवाकडून नवरीचे वडील पळत आले. "पाव्हनं, गोरज टळायलाय, हात जोडतो." आबासाहेब मिशीला पीळ देत उभे. तेवढ्यात मागून गर्दी फाटली. विधवा बाई समोरून येताना दिसली की परण्यातली माणसं बाजूला होतात, तशी ती झाली, आणि गोदाआत्या सरळ घोड्यापुढं येऊन उभी राहिली.

"का थांबलाव? काय पडलंय हितं?" तिनं खाली बघितलं. "कुनाची पिडा हाय ही?"

"नवरदेवाची. दुसऱ्या कुनाची असनार?" आबासाहेब म्हणाले.

"मंग बँडवाल्यानं का घ्यायची? त्यानं वाढवलंय का ह्याला?" आत्यानं घोड्यावरच्या नवरदेवाकडं बोट केलं. "गोवर आला तवा ह्याची पिडा कुनी काढली? दात येतानी कुनी काढली? मीच ना? मंग आजची बी मीच घेते."

"आत्याबाई, शुभकार्यात तुमी..."

"आबासाहेब, माझ्यावर यायची ऱ्हायलेली पिडा कंची हाय, तेवढं सांगा मला."

आत्या गुडघ्यावर हात ठेवून वाकली, नोट उचलली, पदरानं पुसली आणि कमरेच्या चंचीत घातली. मग त्याच चंचीतून दुसरी एक घडी पडलेली, सुपारीचा वास लागलेली नोट काढून ती काकांपुढं आली. "लय गोड वाजवलास बाबा. घे. ही खुशी हाय, ओवाळलेली न्हाई."

काकांना क्षणभर हात कसा पुढं करायचा तेच कळेना. इतकी वर्षं त्यांनी खुशी ओठांनी घेतली होती. त्यांनी ट्रम्पेट डाव्या हातात घेतला, उजवा हात कोटाला पुसला आणि मग पुढं केला. त्या भानगडीत ट्रम्पेटचा सूर तुटला. शेणाजवळची नोट उचलताना कधी न तुटलेलं गाणं तिथं तुटलं. मी क्लॅरनेट चढवून ती जागा भरून काढली, म्हणजे तसा प्रयत्न केला. घोड्यावरून मुंडावळ्यांतून आवाज आला, "आत्या, आता मागं जाऊ नको. माझ्याम्होरं चाल." "चल, गप बस, येळ व्हायलीय," आत्या म्हणाली, पण मागं गेली नाही. परण्या हलला. मांडवाच्या दाराशी आबासाहेबांनी सवयीनं पुन्हा एक नोट काढली, हात भाच्याच्या तोंडापर्यंत नेला, तिथंच थांबवला, आणि दुसरीकडंच बघत ती आमच्या पिशवीत टाकली. "लय आवाज करतोय तुमचा ढोल," असं वर ऐकवलं.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही गंगाखेडला उतरलो. स्टँडवर चहा घेतला. चहावाल्यानं उरलेले पैसे फळीवर ठेवले, काकांनी त्यातलं एक नाणं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुला. चहा फक्कड झाला." चहावाला बघतच राहिला. दादांनी कपात बघत विचारलं, "परभनीचं काय करतूस?"

"परभनीवाल्याला कंबर पायजे," काका म्हणाले. "माझी मोडलीय. आबासाहेबच म्हनले न्हाई का चारचौघांत?"

दादा हसले. मग सगळेच हसलो.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. नोटा अजूनही उधळल्या जातात, फक्त ढोलाच्या जागी भिंतीएवढे कर्णे आलेत. पण पुढच्या काही हंगामांत आमच्या भागातल्या बँडांच्या ढोलाला पिशव्या दिसायला लागल्या, आणि रंगही आमचाच, लाल. पुढं कितीतरी वर्षांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, मी नोकरीला होतो तेव्हा. त्या दिवशी दादांचा बँड गल्लीतून वाजत गेला. तेवढा एक दिवस दादांनी इसार घेतला नाही. आता पुण्याला लेकीकडं गेलो की हॉटेलात बिलातच काहीतरी लावलेलं असतं, नाहीतर ती फोनवर बोट टेकवून मोकळी होते. "पप्पा, दिली मी टिप, चला ना," म्हणते. मी उठतो, ज्यानं वाढलं त्याला शोधतो, त्याच्या हातात देतो आणि काय आवडलं ते सांगतो. लेक दारात घड्याळ बघत उभी असते. राहू दे.

सोनपेठहून आलो त्या दिवशी मायनं पुन्हा येसर केलं होतं. काकांनी आत्याबाईच्या नोटेची जिलेबी आणली आणि जेवायच्या आधी सगळी हकीकत घरच्यांना करून दाखवली. आबासाहेबांची मिशी, आत्याचा अडकित्ता, सगळं. पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. आम्ही ताटावर बसलो आणि अंगणात खेळ सुरू झाला. करडू नवरदेव होऊन उभं राहिलं. आणि मग खेळ पुढंच जाईना, नुसता आरडाओरडा. माय हात पुसत बाहेर आली. नरसाळं मधे, एक टोक मिलिंदच्या हातात, दुसरं शांताच्या.

"सोड! मी बँडवाला! मी न्हेमी असतो!" मिलिंद भोकाड पसरून ओरडत होता.

"न्हेमी तूच का? आता माझी पाळी हाय! तू व्हय आबासाहेब!"

"मला न्हाई व्हायचं आबासाहेब!"

दादांनी आतून ऐकलं, ताट जवळ ओढलं आणि मायला म्हणाले, "अगं, त्यायला आनखी एक नरसाळं दे."